नाहरकत पत्र देऊ नका, आधी पऱ्या मोजा

वाचकाचं पत्र

दादा, सप्रेम नमस्कार.

मी निवृत्त शिक्षिका. रत्नागिरी शहराला लागून असलेल्या एका ग्रामपंचायतीत, सड्याच्या, म्हणजे जांभ्याच्या कातळपठाराच्या, उतारावर आमची ६२ प्लॉटची कॉलनी आहे. २००३ साली आम्ही इथे घर बांधलं. गेल्या वर्षी रहिवासी संघाची सचिव झाले, आणि तेव्हापासून झोप नीट लागत नाही.

आमच्या वरच्या अंगाला सड्यावर सात मजल्यांच्या दोन इमारतींचं काम सुरू झालंय. फेब्रुवारीत त्यांनी पऱ्यावर, म्हणजे सड्यावरून येणाऱ्या ओढ्यावर, भराव टाकून गाड्यांसाठी रस्ता केला. पऱ्या १० फूट रुंद आणि ४ फूट खोल होता. आता भरावाखाली ३ फुटी दोन पाइप आहेत. रस्त्याचा एक कोपरा आमच्या कॉलनीच्या खुल्या जागेतून गेलाय. विहिरीच्या पाण्यालाही हल्ली वास येतो.

बिल्डर म्हणतात, कॉलनीचा रस्ता डांबरी करून देतो, कमान आणि गेट बांधून देतो, तुम्ही फक्त नाहरकत पत्र द्या. कमिटीत निम्मे लोक तयार आहेत. मी ग्रामसभेत प्रश्न विचारायला गेले तर एकाने सांगितलं, "बाई, तुमचं नाव गावच्या यादीत कुठाय?" दुसरे म्हणाले, "तुम्हीपण सडा कापूनच घरं बांधलीत ना?" मला उत्तर सुचलं नाही. खालच्या वाडीशी आमचा फारसा संबंध नाही. आम्ही विकासाच्या आड येतोय का? कोर्टात जावं का? काय करावं सांगा.

– एक सचिव

बाई, नमस्कार.

पत्र वाचताना 'नाहरकत पत्र' या शब्दांपाशी थांबलो. म्हणून आधी तेवढंच सांगतो, बाकीचं सावकाश. ते पत्र देऊ नका. कमिटीत कितीही आग्रह झाला, कुणी रुसलं, तरी देऊ नका.

इतकं ठासून सांगतो, कारण असं एक पत्र मी स्वतः सही करून दिलेलं आहे. चिपळूणजवळच्या आमच्या कॉलनीत मी संघाचा खजिनदार होतो. शेजारी इमारत येत होती आणि बांधणाऱ्याने आमचा रस्ता डांबरी करून दिला. आम्हाला कोण आनंद! पत्रात एकच ओळ होती: 'सदर बांधकामास व त्या अनुषंगाने होणाऱ्या कामांस आमची हरकत नाही.' त्या 'अनुषंगाने'मध्ये काय काय मावतं ते आम्हाला जुलैत कळलं. पाण्याच्या वाटेवर आडवी उभी केलेली संरक्षक भिंतही त्यातच मावली. तक्रार घेऊन गेलो तेव्हा टेबलापलीकडून आमचंच पत्र आमच्यापुढे सरकवलं गेलं, खाली माझी सही. त्या पावसात शेजारच्या आजींच्या माजघरात गुडघाभर पाणी होतं. वर्षाचा तांदूळ भिजला होता आणि त्या तो सुपाने उपसून पडवीत पसरत होत्या. मला त्या एक शब्द बोलल्या नाहीत. आजही त्यांच्या दारावरून जाताना मान वर होत नाही. डांबर दोन पावसाळ्यांत उखडलं, सही मात्र कायम आहे.

आता पऱ्याकडे या. मी नोकरी पाटबंधारे खात्यात आरेखक म्हणून केली, त्यामुळे तुमच्या पत्रातले आकडे वाचल्यावर हात आपोआप कागदाकडे गेला. १० फूट गुणिले ४ फूट, म्हणजे पाणी जायला ४० चौरस फुटांची वाट होती. ३ फूट व्यासाच्या एका पाइपाचं तोंड साधारण ७ चौरस फुटांचं, दोन मिळून १४. चाळिसाचे चौदा झाले, तेही पाइप स्वच्छ असताना. मृगाच्या पहिल्या सरीला सड्यावरून काय काय वाहून येतं ते तुम्ही दरवर्षी बघता: पालापाचोळा, झावळ्या, बांधकामाच्या सिमेंटच्या पिशव्या. एक झावळी आडवी अडकली की एक पाइप गेला म्हणून समजा.

शिवाय वरून येणारं पाणीही वाढणार आहे. लोक म्हणतात, सडा म्हणजे उघडा कातळ, तिथे नुकसान ते काय? पण जांभा सच्छिद्र असतो. त्याच्या भेगांतून पाऊस आत उतरतो, खालच्या चिकणमातीच्या थरावर थांबतो आणि उताराच्या कडेला झरे होऊन फुटतो. तुमच्या विहिरींना पाणी लागतं ते असं. त्याच सड्यावर स्लॅब, पेव्हर ब्लॉक आणि पार्किंग आलं की मुरणारं पाणी एकदम पऱ्यात येतं. एक एकर जागेवर दिवसभरात १०० मिलिमीटर पाऊस पडला तर ते ४ लाख लिटर पाणी होतं, १० हजार लिटरचे ४० टँकर. आणि असा दिवस रत्नागिरीला नवा नाही.

तेव्हा पहिलं काम टेप घेऊन पऱ्यात उतरायचं. एकट्या जाऊ नका. कॉलनीतला एक जण घ्या आणि खालच्या वाडीतला एक म्हातारा माणूस घ्या. हा दुसरा माणूस फार महत्त्वाचा. 'पुराचं पाणी किती येतं' असं विचारलं तर कुणालाच धड सांगता येणार नाही. त्याऐवजी त्यांच्या गडग्यापाशी, जांभ्याच्या चिऱ्यांच्या कुंपणापाशी, उभं राहून विचारा, "आजवर पाणी कितव्या चिऱ्यापर्यंत आलं?" ते बोट ठेवून दाखवतील. चौथा चिरा, पाचवा चिरा. तिथे ऑइल पेंटने आडवी रेघ मारा, शेजारी तारीख लिहा. गेरू नको, पहिल्याच पावसात धुऊन जाईल. भरावाच्या वर, भरावाखाली आणि वाडीपाशी अशा तीन ठिकाणी रुंदी-खोली मोजा. टेप लावलेला फोटो काढा आणि मोजमापाच्या कागदावर तिघांच्या सह्या घ्या. हे सगळं मे संपायच्या आत. पाऊस सुरू झाल्यावर 'पाणी नेहमीच येतं' असं कुणीही म्हणू शकतं, रेघ असली की म्हणता येत नाही.

त्याच आठवड्यात भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशा आणि त्या गटाचा सातबारा काढा. नकाशात पऱ्याची रेघ आहे का, आणि सातबाऱ्यावर पोटखराब वर्ग 'ब'मध्ये काही क्षेत्र दाखवलंय का, ते बघा. रस्ते, ओहोळ अशा सार्वजनिक वापराखालची जमीन त्या वर्गात नोंदवतात. जमीन महसूल संहितेच्या कलम २० प्रमाणे जे ओढेनाले कुणाच्या खासगी मालकीचे नाहीत ते सरकारचे. पऱ्या तसा निघाला, तर 'आमच्या जागेत आम्ही भरला' हे म्हणणंच टिकत नाही. आणि भराव बाहेरून आणला असेल तर त्या मातीची, मुरुमाची गौण खनिजाची परवानगी आणि वाहतूक पास तहसीलदारांकडे असायला हवेत. विनापरवाना असेल तर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. हा प्रश्न लेखी विचारा, तोंडी नको.

तुमच्या पत्रात एक वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय: 'खालच्या वाडीशी आमचा फारसा संबंध नाही.' बाई, खरी अडचण मला इथे दिसते. वाडीशी संबंध नसताना तुम्ही पऱ्यासाठी भांडताय, आणि पऱ्या तर तुमच्याकडून त्यांच्याकडेच जातो.

कायद्याने बघितलं तरी तेच. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ नावाचा एक जुना कायदा आहे. त्याच्या कलम ५ खाली, पाण्याच्या नैसर्गिक प्रवाहात बेकायदा अडथळा आणल्यामुळे शेतीचं, झाडांचं, पिकाचं नुकसान होत असेल किंवा होण्यासारखं असेल, तर तहसीलदार तो अडथळा काढायला लावू शकतात. वकिलांच्या मोठ्या फौजेची गरज नाही. पण हा दावा शेतजमिनीसाठी आहे, तुमच्या बिनशेती प्लॉटसाठी नाही. तो ज्यांची खाली भाताची खाचरं आहेत, आंब्याची कलमं आहेत, ते करू शकतात. आणि कारण घडल्यापासून ६ महिन्यांच्या आत करावा लागतो. भराव फेब्रुवारीत पडला, म्हणजे ऑगस्ट ही शेवटची मर्यादा. वाडी पावसात नुकसान व्हायची वाट बघत बसली आणि गणपतीनंतर बघू म्हणाली, तर ही वाट बंद झालेली असेल. त्यांना हे जाऊन सांगणारं कुणीतरी हवं. तुम्ही शिक्षिका होतात, त्या वाडीतली निम्मी मुलं तुमच्या हाताखालून गेली असतील. तुम्हीच जा.

आता गेटचं. तुमच्या रस्त्याने वाडीतल्या बायका एस.टी.ला जातात का? मुलं शाळेत जातात का? शिमग्यात पालखी कुठल्या वाटेने येते? माझा अंदाज आहे की गेट झालं तर ते नेमकं या लोकांच्या तोंडावर होईल. आमच्या कॉलनीत पहिली काही वर्षं पालखी आलीच नाही. आम्हाला वाटायचं, गावकरी आम्हाला परकं समजतात. मग एका शिमग्याला आमच्यातली एक सून मानकऱ्यांकडे जाऊन म्हणाली, "आमच्याकडेही देव येऊ दे, आम्ही ओटी भरतो." ते म्हणाले, "तुम्ही कधी बोलावलंच नाही." त्या वर्षी पालखी आमच्या अंगणात नाचली. त्याच वर्षी पावसात रस्त्याखालची मोरी तुंबली तेव्हा वाडीतले सात-आठ जण पहारी घेऊन मध्यरात्री आले. कुणी बोलावलं नव्हतं. कॉलनीचं आणि वाडीचं नातं असं जुळतं. गेट बांधलंत तर ते सुरू व्हायच्या आधीच तुटेल. कमान-गेटाला माझा स्पष्ट विरोध आहे.

"तुमचं नाव यादीत कुठाय?" या प्रश्नाचा राग आला असेल, पण प्रश्न रास्त आहे. ग्रामसभा ही गावच्या मतदारांची. कॉलनीतल्या कितीतरी जणांची नावं अजून मूळ गावच्या नाहीतर मुंबईच्या यादीत असतात, कारण 'मत द्यायला गावी जायची मजा वेगळी'. मजा आहे खरी, पण मग इथल्या पाण्यावर, रस्त्यावर, दिव्यावर मत मांडायचा हक्क आपणच सोडून देतो. घरोघर जाऊन यादी करा. ज्यांचं नाव दुसरीकडे आहे त्यांनी पत्ता बदलण्याचा अर्ज क्रमांक ८ भरायचा, नव्या मतदारांनी क्रमांक ६. १ मेच्या ग्रामसभेपर्यंत हे होणार नाही, १५ ऑगस्टच्या आधी होऊ शकतं. ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी ती. ६२ घरांची कॉलनी ठरवून गेली आणि बरोबर वाडी असली, तर सभा तुमच्यामुळेच भरेल.

१ मेच्या सभेसाठी मात्र आत्ताच, नोटीस निघायच्या आधी, विषय लेखी द्या. ग्रामपंचायत अधिकाऱ्याची (पूर्वीचे ग्रामसेवक) पोच घ्या. विषय एकच ठेवा: 'गट क्रमांक अमुकमधील पऱ्यावरील भराव काढून पूर्ण रुंदीची मोरी बांधण्याबाबत'. विहीर, खुली जागा, धूळ, ट्रकचा आवाज, सगळं एकाच अर्जात घातलंत तर कशावरच ठराव होणार नाही. आणि अर्ज वाडीतल्या कुणा शेतकऱ्याच्या सहीने जाऊ दे, तुमच्या सह्या त्याखाली.

"तुम्हीपण सडा कापूनच घरं बांधलीत ना?" याला उत्तर सुचलं नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका. उत्तर 'हो' असंच आहे. सभेत तुम्ही उभ्या राहाल तेव्हा पहिलं वाक्य तेच असू दे: आम्हीही सडा कापला, आमच्याही घरांमुळे खाली पाणी वाढलं. मग पुढचं बोला. आधी स्वतःच्या हिश्श्याचं कबूल केलेल्या माणसाचं गाव ऐकून घेतं. पण नुसतं बोलून भागणार नाही. तुमच्या ६२ घरांचे सेप्टिक टँक कुठे मुरतात, बघा. विहिरीचा वास वरच्या कामामुळे असेल किंवा तुमच्याच शोषखड्ड्यांमुळे. ज्या जांभ्यातून पाऊस मुरतो त्यातूनच मैलापाणीही मुरतं. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला सांगून पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवा, आणि अहवाल येईपर्यंत पाणी उकळून प्या. अहवालाआधी बिल्डरवर बोट ठेवू नका. दोष आपला निघाला तर बाकीच्या तक्रारीही लोक खोट्या मानतील.

खुल्या जागेचं थोडक्यात. ४ हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या रेखांकनात (लेआउटमध्ये) १० टक्के जागा खुली ठेवावी लागते आणि ती तिथल्या रहिवाशांच्या वापरासाठीच असते. वरच्या प्रकल्पाला रस्ता म्हणून ती देण्याचा अधिकार मूळ विकासकाला नाही, आणि तुमच्या कमिटीलाही नाही. कमिटीतल्यांना हे आवर्जून वाचून दाखवा. तुमचं मंजूर रेखांकन शोधा आणि खुल्या जागेचा सातबारा बघा. तिथे अजून मूळ मालकाचं नाव असलं तर आश्चर्य वाटून घेऊ नका, बऱ्याच कॉलन्यांत तसंच राहून गेलेलं असतं. मोजणीचा अर्ज करा, हद्दीचे दगड बसवून घ्या. जागेत झाडं लावा, मुलांना खेळायला सोडा. वापरात असलेल्या जागेतून रस्ता काढणं कठीण जातं.

वरच्या इमारतींना परवानगी काय आहे हे कळायला फार धावपळ नको. इतका मोठा प्रकल्प महारेरात, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणात, नोंदलेला असायलाच हवा. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी आणि सदनिका ८ पेक्षा जास्त असल्या की नोंदणी लागते. त्या संकेतस्थळावर मंजूर नकाशे कुणालाही बघता येतात. त्यात प्रवेशरस्ता कुठून दाखवलाय आणि पऱ्या दाखवलाय का, एवढंच शोधा. पऱ्या नकाशातच नसेल तर तो तुमचा सर्वांत भक्कम मुद्दा. बाकीचं माहितीच्या अधिकारात मागवा: १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांत. ३० दिवसांत उत्तर आलं पाहिजे. सरपंचांचा नाहरकत दाखला म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे. तुमच्या भागात ती जिल्हाधिकारी आणि नगररचना विभागाकडून येते, म्हणून भरावाच्या तक्रारीची एक प्रत तिथेही द्या.

कोर्ट आत्ता नको. तहसीलदार आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार गेली, पोच मिळाली, आणि तरी काही हललं नाही, तर पुण्याला राष्ट्रीय हरित लवादाचं खंडपीठ आहे. तिथेही साधारण ६ महिन्यांची मुदत असते, हे लक्षात असू दे. संघाची नोंदणी नसेल तर सात जण मिळून १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात ती करता येते. करून घ्या, पण त्यासाठी थांबून हा पावसाळा घालवू नका. आज लेटरहेडपेक्षा ६२ घरांच्या प्लॉट नंबरसह सह्या जास्त वजनदार.

विकासाच्या आड येताय का, असं विचारलंत. माझ्या डोळ्यांपुढे २२ जुलै २०२१च्या पुरातलं चिपळूण आहे. आधी २००५चा पूर पाहिला होता, तरी २०२१ला दुकानांच्या पहिल्या मजल्यापर्यंत चढलेलं पाणी बघून बोलता येत नव्हतं. पुढे चिपळूण बचाव समितीने साखळी उपोषण केलं, तेव्हा वाशिष्ठी नदीतल्या गाळाचा प्रश्न हलला आणि उपसा सुरू झाला. त्या माणसांना कुणी विकासाचे शत्रू म्हटलं नाही. त्यांना बाजारपेठ हवी होती, ती चिखलाखाली नको होती. तुमच्याकडेही इमारती होऊ देत. तिथे राहायला येणारी पोरं उद्या तुमच्याच अंगणात खेळतील आणि पऱ्या तुंबला तर त्यांचंही पार्किंग बुडेल. मागणी इमारत पाडण्याची नाहीच, पाण्याची वाट होती तेवढी परत करा एवढीच आहे. ती करायला पाइप काढून पूर्ण १० फुटांची स्लॅबची मोरी बांधावी लागेल. सात मजल्यांचे दोन टॉवर उभारणाऱ्याला हा खर्च जड नाही.

कमिटीतल्या ज्यांना डांबरी रस्ता हवाय, त्यांच्याशी भांडू नका. रस्ता खराब असेल तर त्यांची मागणीही खरी आहे. ती ग्रामपंचायतीकडे स्वतंत्र अर्जाने करा. पुढच्या बैठकीत त्यांना घेऊन पऱ्यात उतरा, चटया टाकून तिथेच बैठक घ्या. ३ फुटी पाइपात वाकून बघितल्यावर बऱ्याच जणांचं मत बदलतं, हे मी पाहिलंय.

बिल्डरना उत्तर मात्र द्यायलाच हवं, गप्प बसलात तर ती संमती धरली जाईल. मी मजकूर लिहून देतो, हवा तसा बदला:

'आपला रस्ता व गेट बांधून देण्याचा प्रस्ताव मिळाला. संघ कोणतेही नाहरकत पत्र देत नाही. आपण पऱ्यात टाकलेल्या भरावामुळे पाण्याची वाट ४० चौरस फुटांवरून १४ चौरस फुटांवर आली आहे. दि. ३१ मेपूर्वी भराव व पाइप काढून मूळ रुंदीची स्लॅबची मोरी बांधावी आणि आमच्या खुल्या जागेतील रस्ता बंद करावा. मोजमापाची प्रत व फोटो सोबत जोडले आहेत. प्रत माहितीसाठी: मा. जिल्हाधिकारी, मा. तहसीलदार, ग्रामपंचायत.'

स्पीड पोस्टाने पाठवा, पोचपावती फाइलला लावा. आणि खालच्या वाडीत जाल तेव्हा या पत्राची एक प्रत बरोबर न्या, त्यांना वाचून दाखवा.